नेवाडातल्या चांदीच्या क्लेमची पारख: कागदपत्रांपासून ड्रिलच्या पहिल्या भोकापर्यंत

चांदीचा क्लेम, म्हणजे आखून घेतलेल्या जमिनीतलं खनिज काढण्याचा हक्क, विकायला काढणाऱ्याच्या फायलीत एक आकडा हमखास असतो. जुन्या खाणीबाहेरच्या ढिगातून उचललेल्या काळ्या दगडाचा कस, समजा २,४०० ग्रॅम प्रतिटन. आकडा बहुतेक वेळा खराच असतो. पण त्यातून एवढंच कळतं की इथल्या शिरेत, म्हणजे भेगेत खनिज भरून झालेल्या पट्टीत, कुठेतरी चांदी होती आणि जुन्या खाणकामगारांनी एक चांगला दगड मागे ठेवला. क्लेमची किंमत दोन वेगळ्याच प्रश्नांवर ठरते. शिरेच्या उभ्या उंचीत चांदीचा जो पट्टा असतो त्याच्या वर, मध्ये की खाली आजची जमीन आहे? आणि तो पट्टा शिरेच्या लांबीत किती सलग आहे? पुढची प्रत्येक पायरी या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी आहे.

उदाहरण म्हणून अमेरिकेतलं नेवाडा राज्य घेतलं आहे. १८५९ मध्ये कॉमस्टॉक आणि १९०० मध्ये टोनोपा, अशा दोन मोठ्या चांदीच्या शिरा इथे सापडल्या. दोन्ही ज्वालामुखी खडकांतल्या उथळ उष्णजलीय शिरा आहेत. आजही लहान कंपन्या क्लेम घेतात ते बहुतांशी याच प्रकारच्या जागेवर.

आधी कागद

भूशास्त्र कितीही उत्तम असलं तरी हक्क पोकळ असेल तर सगळा खर्च वाया जातो, म्हणून हातोडा उचलण्याआधी हे काम करा. १८७२ च्या खाण कायद्याखाली केंद्राच्या जमिनीवर शिरेसाठी घेतलेला एक क्लेम, म्हणजे लोड क्लेम, जास्तीत जास्त १,५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद असतो. शिरेच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ३०० फूट. एकूण साधारण २०.६६ एकर, म्हणजे सुमारे ८.४ हेक्टर. ‘आमच्याकडे ४० क्लेम आहेत’ याचा अर्थ जेमतेम ३३० हेक्टर, हे ध्यानात ठेवा.

जागा आखल्यापासून ९० दिवसांत काउंटीच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, कचेरीत आणि केंद्राची जमीन सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे (पुढे नुसतं ‘ब्युरो’), अशी दोन्हीकडे नोंद लागते. नंतर दरवर्षी १ सप्टेंबरपर्यंत प्रत्येक क्लेमची देखभाल फी भरावी लागते. २०२४ पासून ती २०० डॉलर आहे. ती चुकली तर क्लेम संपतो. दंड भरून वाचवता येत नाही. दहा किंवा त्याहून कमी क्लेम असलेल्यांना फीमाफीचा अर्ज करता येतो, पण मग प्रत्येक क्लेमवर वर्षाला किमान १०० डॉलरचं प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. नेवाडात याशिवाय १ नोव्हेंबरपर्यंत काउंटीकडे ‘क्लेम राखण्याचा इरादा’ नोंदवायचा असतो. विक्रेता ब्युरोची पावती दाखवतो आणि काउंटीची विसरतो, असं वारंवार घडतं. दोन्ही मागा.

ब्युरोची खनिज व जमीन नोंदींची ऑनलाइन यंत्रणा कोणालाही खुली आहे. तिच्यात क्लेमचा क्रमांक टाकून नोंद चालू आहे का आणि त्याच जागेवर दुसऱ्या कोणाचा आधीचा क्लेम आहे का, ते पाहा. दोन क्लेम एकमेकांवर पडले तर आधी वैधपणे आखलेल्याचा हक्क वरचढ ठरतो. नकाशावरच्या रेघेवर विसंबू नका, जीपीएस घेऊन कोपऱ्यांचे खुंट प्रत्यक्ष शोधा. जुने खुंट पोकळ प्लास्टिक पाइपचे असतील तर सावध व्हा. त्यांत पक्षी अडकून मरत, म्हणून नेवाडाने तोंड उघडं असलेले असे पाइप खुंट म्हणून वापरायला बंदी केली आहे.

दोन गोष्टी नकाशावर सहज निसटतात. एक, पेटंट क्लेम. तो पूर्ण खासगी मालकीचा असतो. नवीन पेटंट देणं १९९४ पासून थांबलं असलं तरी जुन्या खाण-जिल्ह्यांत असे तुकडे मधोमध विखुरलेले असतात आणि बऱ्याचदा सर्वांत चांगली शीर त्यांच्याच खाली असते. दुसरी, वरची जमीन खासगी पण खनिज केंद्राचं अशी दुहेरी मालकी. १९१६ च्या कायद्याखालच्या अशा जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी जमीनमालकाला आणि ब्युरोला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

क्लेम घेण्याचा हक्क अमेरिकी नागरिकाला, नागरिक होण्याचा इरादा अधिकृतपणे जाहीर केलेल्याला किंवा तिथल्या कायद्याने स्थापन झालेल्या कंपनीला आहे. पुण्या-मुंबईतून थेट स्वतःच्या नावावर क्लेम देऊ करणारा कोणी भेटला तर बोलणं तिथेच थांबवा. शेवटी करारातली रॉयल्टी पाहा. केंद्र सरकार या जमिनीवर चांदीची रॉयल्टी घेत नाही, पण आधीच्या प्रत्येक मालकाने आपापले एक-दोन टक्के राखून ठेवलेले असू शकतात आणि त्यांची बेरीज कोणीच केलेली नसते.

चांदी शिरेत कुठे बसते

जमिनीखाली काहीशे मीटर ते एक-दीड किलोमीटर खोलीवर ३०० अंश सेल्सिअसहून कमी तापमानाचं पाणी भेगांतून वर चढतं. दाब कमी झाला की ते उकळतं. उकळताना कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड उडून जातात, पाण्याची आम्लता घटते, आणि विरघळलेली चांदी-सोनं भेगेच्या भिंतीवर बसतं. उकळण्याची पातळी ठरावीक उंचीच्या पट्ट्यात राहते, म्हणून समृद्ध धातुकही उभ्या दिशेने मर्यादित पट्ट्यात असतं, साधारण काहीशे मीटर.

या पट्ट्याच्या वर गरम झऱ्यांचा थराथरांचा साका म्हणजे सिंटर, गुळगुळीत कॅल्सिडोनी (अतिबारीक कणांची गारगोटी), केओलिन मातीने पांढरा पडलेला खडक असतो. इथे पारा, आर्सेनिक, अँटिमनी जास्त आणि चांदी नगण्य. पट्ट्यात आल्यावर गारगोटीच्या शिरेत बारीक, लाटांसारखे थर दिसतात. त्यांत गुलाबी-पांढरा अ‍ॅड्युलेरिया (एक फेल्डस्पार) असतो, आणि पातळ पात्यांसारखं कॅल्साइट, जे नंतर गारगोटीने भरून निघतं. ही पाती उकळण्याची जवळजवळ सही आहेत. थरांमध्ये काळी बारीक रेघ असेल तर ती आधी तोडून घ्या. जपानी खाणकामगार तिला गिंगुरो, म्हणजे चंदेरी काळं, म्हणत. चांदीची सल्फाइडं तिच्यातच असतात. पट्ट्याच्या खाली गारगोटीचे स्फटिक जाडे होतात, गॅलेना (शिशाचं सल्फाइड), जस्ताचं सल्फाइड आणि तांबं वाढतं, चांदी हळूहळू विरळ होते.

आता पारख सोपी होते. क्लेमवर सिंटर आणि आर्सेनिक असून चांदी नसेल तर तो क्लेम रिकामा ठरत नाही. पट्टा कदाचित १००-२०० मीटर खाली अखंड असेल. उलट जाड गारगोटी आणि शिसं-जस्त वर उघडं पडलं असेल तर चांदीचा बराचसा भाग केव्हाच झिजून वाहून गेला असण्याची शक्यता मोठी. नवख्याला दुसरा क्लेम जास्त आवडतो, कारण तिथे धातू डोळ्यांना दिसतो.

टोनोपा हे याचं ठळक उदाहरण. तिथल्या मिझ्पा शिरेचा माथा जमिनीवर उघडा होता, पण बाकीच्या कित्येक शिरा नंतरच्या ज्वालामुखी खडकांखाली झाकलेल्या होत्या आणि खाणीतून पुढे सरकतानाच हाती लागल्या. या जिल्ह्यातून सुमारे १७ कोटी औंस चांदी निघाली. म्हणून नकाशावर आधी खडकांची वयं पाहा: शिरांहून तरुण थर कुठे संपतो आणि त्याखाली शिरा असलेला जुना अँडेसाइट (एक ज्वालामुखी खडक) किती खोल आहे.

वरच्या ऑक्सिडीभूत भागाने अनेकांना फसवलं आहे. वाळवंटी हवेत चांदी क्लोराइडच्या रूपात जमिनीजवळ साठते. क्लोरार्गिराइट मेणासारखं, चाकूने कापलं जाणारं, उजेडात काळवंडणारं. वरच्या काही दहा मीटरांत कस भरघोस येतो आणि खाली मूळ सल्फाइडच्या भागात निम्म्यावर घसरतो. पृष्ठभागाचा कस खोलीपर्यंत तसाच ताणणं ही या धंद्यातली सर्वांत महाग चूक.

मराठी वाचकाच्या डोळ्यांना एक सवय मोडावी लागते. सह्याद्रीच्या बेसाल्टात गारगोटी, कॅल्सिडोनी, झिओलाइट यांनी भरलेल्या पोकळ्या आणि शिरा आपण लहानपणापासून पाहतो. त्या कमी तापमानाच्या पाण्याने भरलेल्या आहेत आणि त्यांत चांदी नसते. भारतातली चांदी मुख्यतः राजस्थानात, राजपुरा-दरिबा पट्ट्यातल्या शिसं-जस्ताच्या धातुकातून उपउत्पादन म्हणून येते. ती ठेव वेगळी, रूपांतरित गाळाच्या खडकांतली. तिथले नियम नेवाडाला लावू नका. भारतात क्लेमची पद्धतही नाही. २०१५ पासून खाणपट्टे लिलावाने जातात आणि २०२३ च्या दुरुस्तीने चांदीसह काही खनिजांसाठी वेगळा शोध-परवाना आला.

मैदानी नकाशा

नेवाडा ब्युरो ऑफ माइन्स अँड जिऑलॉजीच्या संग्रहात जुन्या जिल्ह्यांचे खाण-नकाशे स्कॅन करून ठेवलेले आहेत. ते उतरवून घ्या आणि १:२,००० प्रमाणावर शिरा, प्रस्तरभंग, खडक, जुने बोगदे आखा. प्रत्येक शिरेची दिशा, तिचा कल आणि रुंदी दर १०-२० मीटरला नोंदवा. शीर जिथे वाकते, फाटे फुटतात, दोन भेगा मिळतात किंवा मऊ टफमधून (ज्वालामुखी राखेच्या खडकातून) कडक अँडेसाइटमध्ये शिरते, तिथे खुणा करा. धातुकाचे भरीव तुकडे अशाच जागी असतात, कारण सरकताना भेग तिथे उघडी राहते.

दगड फोडूनच पाहा. वाळवंटातल्या प्रत्येक दगडावर मँगनीजचा काळा चकचकीत लेप चढतो आणि चांदीच्या शिरेतलं मँगनीजही काळंच दिसतं. न फोडता ‘काळी शीर’ लिहिलेला नकाशा निरुपयोगी असतो. वेगळं, जड, काळपट काही दिसलं तर फेकू नका. कॉमस्टॉकला सोनं धुणारे लोक त्रासदायक निळसर-काळा चिखल बाजूला टाकत होते. तीच चांदीची सल्फाइडं होती.

जुन्या खाणीचा आवाका बाहेरच्या ढिगावरून काढता येतो. ढीग ९०० घनमीटर असेल आणि फोडलेला खडक दीडपट फुगतो असं धरलं, तर आतून सुमारे ६०० घनमीटर निघालं. बोगदा दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच असेल तर २०० मीटर काम झालं. नकाशावर ५० मीटरच दाखवले असतील तर नकाशात नसलेलं आणखी काम आहे, कदाचित खाली दुसरी पातळी. मात्र आत जाऊ नका. कुजलेले लाकडी टेकू, प्राणवायू नसलेली हवा आणि फळ्यांखाली लपलेले शाफ्ट, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरी, यांनी अनुभवी माणसंही मारली आहेत.

नमुने

ढिगातले वेचून घेतलेले नमुने खनिज ओळखायला चालतात, सरासरी काढायला नाही. शिरेचा खरा कस कळतो तो शिरेला काटकोनात कोरलेल्या चरातून. चर ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर खोल ठेवला तर एक मीटरला साधारण अडीच किलो माल येतो. शीर, तिच्या वरचा खडक आणि खालचा खडक यांचे नमुने वेगळे घ्या. एक नमुना ३० सेंटिमीटरहून लहान आणि एक मीटरहून मोठा नको. शिरेच्या लांबीत दर ५ ते १० मीटरला असा चर हवा. मऊ, मातकट, मँगनीजचा भाग हातोड्याखाली आपोआप जास्त पडतो आणि कडक गारगोटी कमी. चरातला दगड समप्रमाणात येतो आहे का, ते पोत्यावर पोतं तपासा.

लॅबकडे पाठवताना काय मागता, यावर निकाल अवलंबून असतो. नमुना ७० टक्के भाग २ मिलिमीटरखाली येईल इतका चुरडून, २५० ग्रॅम वेगळे काढून, ८५ टक्के भाग ७५ मायक्रॉनखाली येईल असा दळलेला असावा. चार आम्लांनी विरघळवून आयसीपी या यंत्रावर अनेक मूलद्रव्यांची तपासणी मागा, म्हणजे चांदीसोबत आर्सेनिक, अँटिमनी, शिसं, जस्त, मँगनीजही मिळतात आणि पट्ट्यातली तुमची उंची त्यांवरूनच कळते. पारा त्या विरघळवण्यात उडून जातो, त्याची तपासणी वेगळी सांगा. या पद्धतीची वरची मर्यादा बहुधा १०० ग्रॅम प्रतिटन असते. त्यावरच्या नमुन्यांची उच्च कसाची फेरतपासणी आपोआप व्हावी अशी सूचना आधीच द्या. नायट्रिक-हायड्रोक्लोरिक मिश्रणाच्या सौम्य पद्धतीत चांदी क्लोराइड होऊन तळाशी बसू शकते आणि श्रीमंत नमुन्याचा कस कमी येतो. शुद्ध चांदीचे कण दिसत असतील तर ते दळताना चपटे होतात, बारीक होत नाहीत. तेव्हा एक किलो माल चाळून चाळणीवर राहिलेला सगळा भाग वेगळा तपासायला सांगा.

दर २० नमुन्यांत एक प्रमाणित कसाचा, एक कोरा (चांदी नसलेला) आणि एक दुबार नमुना घाला. कोरा नमुना सर्वांत काळ्या, श्रीमंत दिसणाऱ्या नमुन्याच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे लॅबच्या यंत्रातून माल पुढे वाहतो का ते दिसतं.

हातात धरायचं एक्स-रे यंत्र आर्सेनिक, शिसं, मँगनीजसाठी उपयोगी आहे. कमी कसाच्या चांदीसाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

मातीचे नमुने शिरेला आडव्या रेषांवर घ्या, रेषा १०० मीटर आणि नमुने २५ मीटर अंतरावर. डोंगरउतारावर मूळ खडकाची माती असते, तिथे हे चालतं. पायथ्याच्या वाहून आलेल्या गाळावर घेतलेले नमुने वरच्या डोंगराबद्दल सांगतात, खालच्या खडकाबद्दल नाही. चुंबकीय सर्वेक्षण स्वस्त आहे आणि करावंच, कारण गरम पाण्याने मॅग्नेटाइट नष्ट केल्यामुळे शिरेचा मार्ग कमी चुंबकत्वाच्या पट्ट्यासारखा उठून दिसतो. विद्युतरोधकतेत गारगोटी जास्त आणि माती कमी रोध दाखवते.

ड्रिलिंग

एकूण खोदकाम पाच एकरांच्या आत असेल तर ब्युरोला नोटीस द्यायची. तिची १५ दिवस छाननी होते आणि जमीन पूर्ववत करण्याची आर्थिक हमी ठेवावी लागते. त्यापुढे पूर्ण आराखडा लागतो, आणि वेळ महिन्यांत मोजावा लागतो.

भोकाची आखणी आकडेमोडीने करा. समजा शीर पूर्वेकडे ७० अंश कलते आणि तिला जमिनीखाली १०० मीटरवर गाठायचं आहे. तिथे शीर उघड्या माथ्यापासून ३६ मीटर पूर्वेला सरकलेली असेल. ५० अंशांचं भोक १०० मीटर उतरताना आडवं ८४ मीटर जातं. म्हणजे सपाट जमिनीवर यंत्र माथ्याच्या १२० मीटर पूर्वेला उभं करा, तोंड पश्चिमेकडे. शीर १३० मीटरवर भेटेल. भोक १६० मीटरपर्यंत न्या, कारण समांतर दुसरी शीर नेहमीच शक्य असते. भोक आणि शीर यांत ६० अंशांचा कोन होतो, तेव्हा भोकातली ३ मीटर लांबी म्हणजे खरी जाडी २.६ मीटर. भोक शिरेला जवळजवळ समांतर गेलं तर ३ मीटरची शीर २० मीटरची भासते. म्हणून कोणत्याही निकालात ‘खरी जाडी’ दिली नसेल तर कोन विचारा.

पहिली भोकं आरसी (रिव्हर्स सर्क्युलेशन) पद्धतीने, म्हणजे हवेच्या दाबाने चुरा नळीच्या आतून वर आणून, स्वस्त पडतात आणि नमुना दर पाच फुटांना मिळतो. पण पाणी लागलं की वरचा श्रीमंत चुरा खाली घसरून पुढच्या नमुन्यांत मिसळतो. श्रीमंत टप्प्यानंतर कस हळूहळू शेपटासारखा उतरत गेला असेल तर शंका घ्या. शिरेसाठी एचक्यू आकाराचा, ६३.५ मिलिमीटर व्यासाचा कोअर, म्हणजे दगडाचा अखंड दंडगोल, घ्या. त्यातही सर्वांत चांगली चांदी मऊ मँगनीज-मातीत असते आणि तीच पाण्यासोबत वाहून जाते. शिरेच्या भागात कोअर ९० टक्क्यांहून कमी हाती आला तर तो कस अपूर्ण समजा आणि भोक पुन्हा घ्या.

आकड्यांची झडती

शीर ३० सेंटिमीटर जाड, कस १,२०० ग्रॅम प्रतिटन. ऐकायला थाट. पण खाणीत किमान दीड मीटर रुंद खोदावं लागत असेल तर उरलेला १.२ मीटर निरुपयोगी खडक मिसळून कस २४० ग्रॅमवर येतो. लांबी ४०० मीटर, खोली १५० मीटर, जाडी दीड मीटर, घनता २.६ धरली तर २ लाख ३४ हजार टन. २४० ग्रॅमने गुणून ३१.१ ने (एका औंसातल्या ग्रॅमनी) भागा, सुमारे १८ लाख औंस. आता शिरेच्या पृष्ठाचा चौथाच भाग भरीव निघाला तर साडेचार लाख. ही शेवटची पायरी जाहिरातीत कधीच नसते. जुन्या अमेरिकी कागदांत कस औंस प्रति शॉर्ट टन असा असतो. शॉर्ट टनाला एक औंस म्हणजे ३४.२९ ग्रॅम प्रतिटन.

‘चांदी-समतुल्य’ कस दिसला की दोन गोष्टी विचारा: सोन्याला कितीने गुणलं, आणि धातू हाती येण्याचं प्रमाण धरलं का. चांदी १०० ग्रॅम, सोनं १ ग्रॅम, गुणक ८०, तर समतुल्य १८० ग्रॅम. पण धातू वेगळा काढायला वापरतात त्या सायनाइडमध्ये चांदी सोन्यापेक्षा हळू आणि कमी विरघळते, आणि मँगनीज ऑक्साइडमध्ये अडकलेली चांदी तर हट्टीच. म्हणून पहिल्या भोकांच्या दळलेल्या मालावरच सायनाइडची प्राथमिक बाटली-चाचणी करून घ्या. धातुक आहे आणि धातू निघत नाही, हे दहाव्या भोकानंतर कळणं फार उशिराचं.

कॅनडात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल असेल तर तिथल्या २००१ पासूनच्या ४३-१०१ नियमांनुसार पात्र तज्ज्ञाची सही हवी. ‘ऐतिहासिक अंदाज’ असा शब्द असेल तर तो साठा आजच्या नियमांत बसवलेला नाही. आणि शेजारच्या खाणीचं उत्पादन सांगणारी पानं बाजूला ठेवा. शीर क्लेमच्या हद्दीत येते का, हे फक्त तुमच्या नकाशावरच दिसेल.

पहिल्या फेरीत तीन-चार छेदरेषांवर, शिरेच्या लांबीत ५० ते १०० मीटर अंतराने, प्रत्येक रेषेवर दोन खोलींची भोकं पुरतात. खोलीसोबत चांदी वाढते आणि आर्सेनिक-अँटिमनी घटतात असं दिसलं तर आणखी खाली जा. शिसं-जस्त वाढून चांदी घटत असेल तर त्या शिरेवर खोल भोक घेऊ नका. बाजूला, तरुण खडकांनी झाकलेल्या भागाकडे वळा. निकाल जुलैअखेर हातात येतील अशी आखणी ठेवा, म्हणजे १ सप्टेंबरच्या आत कोणत्या क्लेमची फी भरायची आणि कोणते सोडायचे हे नकाशा समोर ठेवून ठरवता येतं.